गाउचोचा सुरा आणि संग्राहकाचे कपाट : दक्षिण अमेरिकेतील एका वस्तुपरंपरेचा ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा :
दक्षिण अमेरिकेतील पाम्पा प्रदेशात गुरांमागे घोड्यावरून हिंडणाऱ्या गाउचो समाजाने स्वतःविषयी लिहून ठेवलेले फारच थोडे आहे. त्यामुळे त्याच्या कमरेचा सुरा हे त्याच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन ठरते. आज हे सुरे संग्रहालयांत आणि खाजगी संग्रहांत पाहावयास मिळतात. तथापि हे संग्रह कोणी, केव्हा आणि कोणत्या दृष्टीने केले याचा विचार केल्याशिवाय या साधनाचा उपयोग करणे धोक्याचे ठरते. संग्रहात प्रामुख्याने मालकवर्गाचा चांदीचा सुरा उरला आणि राबणाऱ्या गाउचोचा साधा सुरा झिजून नाहीसा झाला, असे प्रतिपादन प्रस्तुत शोधनिबंधात केले आहे.

बीजशब्द : गाउचो, पाम्पा, फाकोन, वस्तुरूप साधने, संग्रह, परंपरा.

प्रस्तावना :
इतिहासाची साधने लिखित, मौखिक आणि वस्तुरूप अशा तीन प्रकारांत विभागली जातात. राजे, सरदार, व्यापारी आणि धर्मसंस्था यांची कागदपत्रे टिकून राहतात. ज्यांच्या हाती लेखणी नव्हती त्यांचा इतिहास मात्र इतरांनी त्यांच्याविषयी लिहिलेल्या मजकुरातून आणि त्यांनी वापरलेल्या वस्तूंतून शोधावा लागतो. अर्जेंटिना, उरुग्वे आणि ब्राझीलचा दक्षिणेकडील रिओ ग्रांदे दो सुल हा प्रांत मिळून जो विस्तीर्ण गवताळ प्रदेश होतो, तेथील गाउचो हा अशाच समाजांपैकी एक होय. स्पॅनिश, मूलनिवासी आणि काही प्रमाणात आफ्रिकी वंशाच्या मिश्रणातून घडलेला हा समाज अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात पाम्पावर वावरला. घोडा, खोगीर, पोंचो, दोरीला गोळे बांधून केलेले बोलेआदोरास हे फेकण्याचे साधन आणि सुरा एवढीच त्याची मालमत्ता होती.

यांपैकी सुरा ही वस्तू आज संग्राहकांच्या दृष्टीने सर्वांत मोलाची ठरली आहे. चांदीने मढवलेली मूठ, नक्षीदार म्यान आणि पात्यावरील परदेशी कारखान्याची मुद्रा यांमुळे असा सुरा पाहणाऱ्याचे लक्ष वेधून घेतो. परंतु एखाद्या कष्टकरी समाजाची खूण म्हणून जी वस्तू आपणांस दाखवली जाते, ती खरोखर त्या समाजाची होती काय, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारलाच पाहिजे. त्याच प्रश्नाचा मागोवा येथे घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :
1. गाउचोच्या जीवनातील सुऱ्याचे स्थान आणि त्याचे प्रमुख प्रकार समजून घेणे.
2. 'पारंपरिक' म्हणवल्या जाणाऱ्या या सुऱ्याच्या घडणीत परदेशी व्यापाराचा वाटा किती होता हे तपासणे.
3. संग्रहाची परंपरा कोणत्या सामाजिक परिस्थितीत सुरू झाली याचा शोध घेणे आणि संग्रहातील वस्तूचे वाचन कसे करावे याचा विचार करणे.

संशोधन पद्धती :
प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित प्रवासवर्णने, तत्कालीन साहित्य, कायदे आणि संग्रहालयांचा इतिहास यांचा आधार घेतला आहे.

1. पाम्पाचे अर्थकारण आणि सुरा :
पाम्पावर मुळात गाय नव्हती आणि घोडाही नव्हता. सोळाव्या शतकात स्पॅनिशांनी ही जनावरे आणली. ब्यूनोस आयर्स हे शहर 1536 मध्ये प्रथम वसवले गेले, ते उजाड झाले आणि 1580 मध्ये हुआन दे गाराय याने ते पुन्हा वसवले. दरम्यान मोकाट सुटलेली जनावरे मुबलक गवत आणि पाणी यांमुळे अफाट वाढली. प्लाता नदीच्या पलीकडे, म्हणजे आजच्या उरुग्वेमध्ये, एर्नान्दारियास या गव्हर्नराने 1611 मध्ये गुरे नेऊन सोडली आणि तेथेही हाच प्रकार घडला.

या गुरांचे मांस टिकवून दूर पाठवण्याची सोय त्या काळी नव्हती. युरोपात मागणी होती ती चामड्याला. त्यामुळे घोडेस्वारांच्या टोळ्या गुरांच्या मागे लागत, लांब काठीला चंद्रकोरीसारखे पाते बसवून जनावराच्या मागच्या पायाची शीर तोडत आणि पडलेल्या जनावराचे कातडे सुऱ्याने सोलून घेत. कातडे आणि चरबी घेतली जाई, मांस बहुतांशी तेथेच पडून राही. या शिकारींना 'वाकेरिया' असे नाव होते. पुढे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मांस खारवण्याचे कारखाने निघाले. तेथेही काम सुऱ्याचेच होते.

यावरून स्पष्ट होते की, सुरा हे गाउचोचे प्रथमतः उत्पादनाचे साधन होते. त्याच सुऱ्याने तो खोगिराच्या वाद्या कापी, खुंट तासी आणि भाजलेले मांस खाई. मांसाचा तुकडा दातांत धरून ओठांजवळून सुऱ्याने कापण्याची त्याची रीत परदेशी प्रवाशांना फार विलक्षण वाटे. शेत नांगरणाऱ्याला जसा नांगर, तसा गाउचोला सुरा असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

भांडणातही तोच सुरा बाहेर निघे. डाव्या हाताभोवती पोंचो गुंडाळून त्याची ढाल करावयाची आणि उजव्या हातात सुरा घ्यावयाचा, ही द्वंद्वाची रीत होती. 1833 मध्ये पाम्पावरून प्रवास करणाऱ्या चार्ल्स डार्विनने नोंदवले आहे की, अशा भांडणात प्रतिस्पर्ध्याच्या नाकावर वा डोळ्यांवर वार करून त्याचा चेहरा खुणावण्याचा प्रयत्न केला जाई. दोमिंगो फाउस्तिनो सार्मिएन्तो यानेही 1845 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फाकुन्दो' या ग्रंथात असेच निरीक्षण मांडले आहे. दोघांच्या भूमिका भिन्न होत्या. डार्विन हा परका निसर्गअभ्यासक, तर सार्मिएन्तो हा गाउचोच्या जीवनपद्धतीला रानटीपणा मानणारा स्थानिक राजकारणी. तरीही या बाबतीत त्यांचे एकमत दिसून येते.

2. सुऱ्याचे प्रकार :
गाउचोचा सुरा हा एकच एक नमुना नव्हता. संग्राहक आणि अभ्यासक त्याचे पुढीलप्रमाणे प्रकार मानतात.

'फाकोन' हा सर्वांत प्रसिद्ध प्रकार होय. त्याचे पाते लांब, बहुधा एका बाजूस धार असलेले, आणि मुठीपाशी हाताचे रक्षण करणारी आडवी पट्टी असते. या पट्टीस 'गाविलान' म्हणतात. ती कधी सरळ, कधी इंग्रजी एस किंवा यू या अक्षरांच्या आकाराची असते. हा सुरा मुख्यतः लढण्याचा. मोडक्या तलवारींची आणि संगिनींची पाती कापून असे अनेक फाकोन बनवले गेले. 'दागा' हे दुधारी पात्याचे हत्यार होय. 'पुन्याल' याला आडवी पट्टी नसते. त्याचे पाते एकधारी असून तो कामाला आणि मिरवण्याला दोन्हीस चालतो. संग्रहांत दिसणारे चांदीचे सुरे बहुतेक याच जातीचे असतात. 'कुचिय्या' हे रुंद पोटाच्या पात्याचे, कापण्यासोलण्याचे हत्यार होय.

सुरा कोठे बाळगला जाई यावरूनही काही नावे पडली. 'कारोनेरो' हा इतका लांब असे की तो कमरेला लावून घोड्यावर बसणे अवघड होई. म्हणून तो खोगिराखालच्या चामडी थरात, म्हणजे 'कारोना'त, खोचून ठेवीत. याउलट 'बेरिखेरो' हा लहान सुरा कमरपट्ट्याच्या पुढील बाजूस, जांघेजवळ असे. नेहमीचा मोठा सुरा मात्र पाठीमागे, पट्ट्यात तिरका खोचलेला असे. त्याची मूठ उजव्या हाताला चटकन सापडावी, हा त्यामागील हेतू.

3. दूरदेशीचे पोलाद, अँडीजची चांदी :
गाउचोचा सुरा हा पाम्पाच्या मातीतून उगवलेला, संपूर्ण देशी असा समज सर्वसाधारणपणे आढळतो. प्रत्यक्षात पात्यांपुरते तरी चित्र निराळे आहे. एकोणिसाव्या शतकात पात्यांचा मोठा पुरवठा युरोपातून, विशेषतः इंग्लंडमधील शेफील्ड आणि जर्मनीतील झोलिंगेन या शहरांतून होत असे. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स या कारखान्याची तारा आणि क्रूस असलेली मुद्रा संग्राहकांच्या परिचयाची आहे. झोलिंगेन येथे 1869 मध्ये स्थापन झालेल्या बोकर या कारखान्याच्या पात्यांवर झाडाचे चिन्ह असे. त्यावरून पाम्पावर त्या पात्यांना 'आर्बोलितो', म्हणजे 'छोटे झाड', असे नाव पडले. अक्षरओळख नसलेल्या ग्राहकाला कारखान्याचे नाव वाचता येत नसले तरी झाड ओळखता येत होते.

चांदीचा मार्ग वेगळा होता. प्लाता या नदीच्या नावाचा अर्थच चांदी असा आहे आणि अर्जेंटिना हे देशनामही चांदीच्या लॅटिन नावावरून आले आहे. परंतु ही चांदी पाम्पाची नव्हे. ती आजच्या बोलिव्हियातील पोतोसी येथील डोंगरातून येत असे. तेथील खाण 1545 मध्ये सापडली. 1776 मध्ये रिओ दे ला प्लाता हा स्वतंत्र सुभा निर्माण होऊन पोतोसी त्यात समाविष्ट झाले आणि ब्यूनोस आयर्स राजधानी बनले. वितळवलेली नाणी ही सोनारकामासाठी चांदी मिळवण्याची एक सोय होती. मूळ नाणीही कमरपट्ट्याच्या 'रास्त्रा' या दागिन्यात जडवली जात. मूठ आणि म्यान स्थानिक सोनार घडवीत. साध्या सुऱ्याची मूठ लाकूड, शिंग किंवा हाड यांची असे आणि म्यान कच्च्या चामड्याचे असे.

म्हणजे एकाच सुऱ्यात शेफील्डचा लोहार, पोतोसीचा खाणमजूर, पाम्पाचा सोनार आणि तो वापरणारा घोडेस्वार असे चौघे एकत्र येतात. यामुळे या वस्तूची परंपरा खोटी ठरत नाही. ती कारखानदारी आणि सागरी व्यापार यांच्या बरोबरीने घडली, एवढेच यातून सिद्ध होते. पाम्पाची कातडी युरोपास गेली आणि युरोपची पाती पाम्पावर आली. हा सुरा त्या देवघेवीची खूण आहे.

4. कायदा, कुंपण आणि गाउचोचा अस्त :
गाउचोचा इतिहास हा त्याच्या स्वातंत्र्याच्या संकोचाचाही इतिहास आहे. ब्यूनोस आयर्स प्रांतात 1815 मध्ये निघालेल्या हुकमान्वये ज्याच्याजवळ मालमत्ता नाही अशा ग्रामीण माणसास नोकर समजण्यात आले. मालकाने दिलेली चिठ्ठी, म्हणजे 'पापेलेता', त्याने जवळ बाळगणे सक्तीचे झाले. चिठ्ठी नसलेल्यास भटक्या ठरवून सैन्यात पाठवले जाई. 1865 च्या ग्रामीण संहितेनेही त्याच्या हालचालींवर निर्बंध कायम ठेवले.

सुऱ्याच्या बाबतीत डार्विनने ऐकलेली एक हकीकत उद्बोधक आहे. हुआन मानुएल दे रोसास हा पुढे हुकूमशहा झालेला जमीनदार. त्याने आपल्या जमिनीवर रविवारी सुरा बाळगण्यास बंदी केली होती, कारण त्या दिवशी जुगार, मद्यपान आणि त्यापाठोपाठ खूनखराबा होई. एका रविवारी गव्हर्नर भेटीस आला असता घाईत रोसास स्वतःच कमरेला सुरा लावून बाहेर आला. कारभाऱ्याने आठवण करून देताच त्याने गव्हर्नराची क्षमा मागितली आणि स्वतःस खोड्यात अडकवून घेतले. पुढे मन वळवल्यावर कारभाऱ्याने त्याला सोडवले, तेव्हा नियम मोडल्याबद्दल रोसासने त्या कारभाऱ्यालाच आपल्या जागी खोड्यात घातले. हकीकतीचा तपशील कसाही असो, सुरा कोणी, केव्हा बाळगावा हे ठरवण्याचा अधिकार जमीनदाराच्या हाती होता हे तिच्यातून दिसते.

कायद्यापाठोपाठ तार आली. 1845 मध्ये रिचर्ड न्यूटन याने पाम्पावर तारेचे कुंपण प्रथम आणले. पुढील दशकांत मोकळी राने कुंपणांनी विभागली गेली. 1879 च्या लष्करी मोहिमेनंतर मूलनिवासींच्या ताब्यातील विस्तीर्ण भूमी मोठ्या जमीनदारांकडे गेली. आगगाडी, युरोपीय स्थलांतरितांची शेती आणि शीतगृहयुक्त जहाजे यांमुळे पशुपालनाचे स्वरूपच पालटले. हिंडणारा गाउचो संपला आणि मजुरीवर राबणारा गडी उरला. होसे एर्नान्देस याचे 'मार्तिन फिएर्रो' हे काव्य याच संक्रमणकाळात, 1872 आणि 1879 मध्ये, दोन भागांत प्रसिद्ध झाले. सक्तीने सरहद्दीवर पाठवलेल्या गाउचोची ती कैफियत आहे.

5. संग्रहाचा आरंभ :
जिवंत गाउचो हा एकोणिसाव्या शतकातील सत्ताधाऱ्यांना उपद्रवी वाटत होता. तो नाहीसा होताच राष्ट्राचे प्रतीक बनला. लाखो युरोपीय स्थलांतरितांनी गजबजलेल्या ब्यूनोस आयर्समध्ये 'अस्सल अर्जेंटिनी कोण' हा प्रश्न उच्चवर्गाला पडला होता. 1913 मध्ये कवी लेओपोल्दो लुगोनेस याने व्याख्यानांतून 'मार्तिन फिएर्रो'ला राष्ट्रीय महाकाव्याचे स्थान दिले. 1926 मध्ये रिकार्दो गुइराल्देस याची 'दोन सेगुन्दो सोम्ब्रा' ही कादंबरी आली. ती गाउचोची स्मृती जपणारी असली तरी तिचा लेखक स्वतः जमीनदार घराण्यातील होता, ही बाब लक्षणीय आहे.

संग्रहालयांचा काळही हाच आहे. लुहान येथील वसाहतकालीन व ऐतिहासिक संग्रहालय 1923 मध्ये उघडले. सान अन्तोनियो दे आरेको येथे गुइराल्देस याच्या नावाचे गाउचो संग्रहालय 1938 मध्ये सुरू झाले. लगेच 1939 मध्ये ब्यूनोस आयर्स प्रांताने एर्नान्देसचा जन्मदिवस, 10 नोव्हेंबर, हा 'परंपरा दिन' म्हणून ठरवला आणि 1975 मध्ये तो राष्ट्रीय पातळीवर मान्य झाला. कार्लोस दॉज यांच्यासारख्या खाजगी संग्राहकांनी घरी जमवलेल्या वस्तू पुढे सार्वजनिक संग्रहालयात गेल्या. अशा व्यक्तींचे ऋण मान्य केलेच पाहिजे. त्यांनी जपले नसते तर पुष्कळशा वस्तू भंगारात आणि मुशीत गेल्या असत्या.

तथापि येथे एक विसंगती नजरेआड करता येत नाही. ज्या वर्गाच्या कुंपणांनी गाउचोचे जीवन संपवले, त्याच वर्गाच्या दिवाणखान्यात त्याचा सुरा शोभेची वस्तू म्हणून आला. शिवाय जो सुरा आला तो बहुतेक वेळा गड्याचा नव्हता. चांदीसोन्याने मढवलेला सुरा हा जमीनदाराचा, सैनिकी अधिकाऱ्याचा किंवा सधन पशुपालकाचा. तो सणासमारंभास वापरला जाई, म्हणूनच टिकला. गड्याचा सुरा रोज धार लावता लावता अरुंद होत गेला, मोडला, टाकून दिला गेला. टिकण्याचा आणि विसरले जाण्याचा हा फरक वर्गाचा फरक आहे.

आणखी एक गोष्ट कपाटात दिसत नाही. एकोणिसाव्या शतकातील यादवी युद्धांत याच हत्याराने कैद्यांचे गळे चिरले गेले. रिओ ग्रांदे दो सुलमध्ये 1893 ते 1895 या काळात झालेले बंड अशा क्रौर्यासाठी कुप्रसिद्ध आहे. काचेआड मखमलीवर ठेवलेला सुरा पाहताना ही बाजू सहज विसरली जाते.

6. संग्रहातील सुरा कसा वाचावा? :
वरील विवेचनावरून संग्रह निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. त्यांचे वाचन मात्र सावधपणे करावयास हवे.

पहिली बाब अशी की, पाते, मूठ आणि म्यान यांचा काळ वेगवेगळा असू शकतो. जुने पाते झिजल्यावर चांदीच्या मुठीत नवे पाते बसवणे ही नित्याची गोष्ट होती. याउलट विक्रीसाठी निरनिराळ्या सुऱ्यांचे भाग जोडून एक 'संपूर्ण' सुराही तयार होतो. पहिली कृती वापराच्या इतिहासाचा भाग आहे, दुसरी बाजाराच्या. दोहोंत भेद करणे आवश्यक आहे.

दुसरी बाब मुद्रांची. रॉजर्सच्या पात्यावर मुकुट आणि त्यालगत राणी व्हिक्टोरियाची आद्याक्षरे असल्यास ते 1837 ते 1901 या दरम्यानचे असावे, असा अंदाज बांधता येतो. परंतु प्रसिद्ध मुद्रांची नक्कलही होत असे. म्यानावर अंक स्वरूपात '800' किंवा '900' अशी चांदीची शुद्धता असल्यास तो भाग उत्तरकालीन असण्याचा संभव तपासावा. मालकाची आद्याक्षरे आणि तारीख कोरलेली असल्यास ती मौल्यवान होत, पण ती नंतरही कोरता येतात. म्हणून एकट्या मुद्रेवर विसंबून काळ ठरवू नये.

तिसरी बाब झिजेची. मुठीजवळ आत गेलेली धार, अरुंद झालेले टोक, म्यानाच्या तोंडाशी पडलेले घासण्याचे चरे, या खुणा सुऱ्याने किती काम केले ते सांगतात. संग्राहकाच्या दृष्टीने हे दोष आहेत, कारण त्यामुळे किंमत उतरते. इतिहासाच्या दृष्टीने हाच मजकूर आहे. पाते घासूनपुसून लखलखीत केले की तो मजकूर कायमचा पुसला जातो. कागदावरील अक्षरे खरवडून कागद पांढरा करण्यासारखेच हे कृत्य होय.

चौथी बाब वस्तूच्या पूर्ववृत्ताची. सुरा कोठे, कोणाकडून मिळाला, पूर्वीचा मालक कोण होता, ही नोंद वस्तूबरोबर राहिली नाही तर उरतो तो केवळ चांदीचा आणि पोलादाचा तुकडा. होर्हे लुइस बोर्हेस याच्या 1970 च्या कथासंग्रहातील 'एल एन्कुएन्त्रो' या कथेत हाच विषय कल्पनेच्या पातळीवर येतो. एका घरी जमलेले दोन पाहुणे यजमानाच्या संग्रहातील सुरे उचलून द्वंद्व करतात. त्यांना सुरा चालवण्याचा अनुभव नसतो, तरी ते सराईताप्रमाणे लढतात. माणसे नव्हे तर सुरेच जुने वैर लढले, असे कथा शेवटी सुचवते. त्यांतील एका सुऱ्याच्या पात्यावर छोट्या झाडाचे चित्र आहे, हा तपशीलही अर्थपूर्ण आहे. कथेतील अद्भुत बाजूला ठेवले तरी वस्तू आपले पूर्वीचे मालक बरोबर घेऊन येते, हे तिचे सूत्र संग्रहशास्त्रालाही मान्य होण्यासारखे आहे.

निष्कर्ष :
1. गाउचोचा सुरा हा मूलतः चामड्याच्या व्यापारावर आधारलेल्या अर्थव्यवस्थेतील कामाचे साधन होता. द्वंद्वाचे शस्त्र आणि प्रतिष्ठेचा दागिना ही त्याची पुढील रूपे होत.
2. युरोपीय पाती, पोतोसीची चांदी आणि स्थानिक कारागिरी यांच्या संयोगातून तो घडला. 'पारंपरिक' आणि 'परदेशी' अशी सरळ विभागणी या वस्तूला लागू पडत नाही.
3. सुऱ्यांच्या संग्रहाला गाउचोच्या अस्तानंतर जोर चढला आणि त्यात जमीनदार वर्गाच्या अभिरुचीचा प्रभाव राहिला. त्यामुळे संग्रहातील सुऱ्यांवरून संपूर्ण गाउचो समाजाचे चित्र उभे करणे एकांगी ठरते.
4. झिजलेला, दुरुस्त केलेला, साध्या मुठीचा सुरा हा इतिहासाच्या दृष्टीने नक्षीदार सुऱ्याइतकाच, किंबहुना अधिक मोलाचा आहे. अशा सुऱ्यांचा शोध, त्यांच्या पूर्ववृत्ताची नोंद आणि त्यांना न उजळता जतन करणे ही संग्राहक व संग्रहालये या दोघांचीही जबाबदारी आहे.

समारोप :
सान अन्तोनियो दे आरेकोसारख्या गावात सोनारकामाची परंपरा पुढेही चालत राहिली आणि नवे सुरे घडत राहिले. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु ज्याच्या नावाने हा सुरा ओळखला जातो, त्या माणसाजवळ बहुधा चांदी नव्हती. त्याच्याजवळ शिंगाची मूठ होती, चामड्याचे म्यान होते आणि दगडावर घासून बोटाएवढे झालेले पाते होते. ते पाते संग्राहकाच्या कपाटात मानाने ठेवले जाईल, तेव्हाच तो संग्रह गाउचोचा म्हणता येईल.